भाकरी, भाजी आणि कधीमधी मासळी

(मंडळीतील वर्गासाठी एक पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : दानीएल, अध्याय १ व १०, योहान, अध्याय ६, रोमकरांस पत्र, अध्याय १४, करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ८ व १०.

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत अन्नाविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. कित्येक म्हणतात की, ख्रिस्ती मनुष्याने मांस खाल्लेच पाहिजे. जो खात नाही त्याच्या मनातील जुने सोवळे अद्याप गेले नाही. दुसरे कित्येक म्हणतात की, मांसाला न शिवणारा मनुष्य इतरांहून पवित्र होय. ह्या दोन टोकांच्या मध्ये आपल्या बहुतेक घरांची खरी रीत आहे. आठवड्यातील पाच-सहा दिवस भाकरी, वरण, पिठले, पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी. आणि बाजाराच्या दिवशी, रविवारी किंवा पाहुणा आला असता थोडे मटण, दोन अंडी अथवा मूठभर सुकट. पाश्चात्य देशांत ह्या रीतीस अलीकडे नवे नाव मिळाले आहे. अमेरिकेतील भाषाभ्यासकांच्या एका संस्थेने २००३ साली 'फ्लेक्सिटेरियन' हा शब्द त्या वर्षीचा सर्वांत उपयोगी शब्द म्हणून निवडला. आपल्या आज्या-पणज्यांस हा शब्द ठाऊक नव्हता. रीत मात्र पुरती ठाऊक होती.

ह्या रीतीचा आपण आज नीट अभ्यास करू. शास्त्रातील सामान्य लोक काय जेवीत असत, शरीरास खरोखर कशाची गरज असते, आणि ताटावर बसलो असता घरच्यांविषयी व शेजाऱ्यांविषयी आपले कर्तव्य काय, अशा तीन गोष्टी क्रमाने पाहावयाच्या आहेत.

१. शास्त्रातील घरचे जेवण

योहानाच्या सहाव्या अध्यायात एका मुलाजवळची शिदोरी वर्णिली आहे. तीत पाच भाकरी होत्या व दोन लहान मासे होते. भाकरी गव्हाच्या नव्हत्या, जवाच्या होत्या. आणि जव हे त्या देशात गरिबाचे धान्य, जसे आपल्याकडे जोंधळा व बाजरी. माशांसाठी योहानाने मूळ ग्रीक भाषेत जो शब्द घातला आहे, तो भाकरीबरोबर तोंडी लावावयाच्या जिनसेस लावीत असत. म्हणजे त्या मुलाच्या जेवणात भाकरी मुख्य होती आणि मासा तोंडी लावण्यापुरता होता. आपल्या घरी भाकरीबरोबर भाजलेला बोंबील घेतात, तसाच हा प्रकार समजावा. गालील सरोवराच्या काठी मासे खारवून वाळविण्याचा धंदा चालत असे. तेथील मग्दला गावाचे ग्रीक नाव तारिखेया होते असे बहुतेक अभ्यासक मानितात, आणि त्या नावाचा संबंध खारविलेल्या मासळीशीच आहे.

मग मांस केव्हा खात? लूकाच्या पंधराव्या अध्यायात पुष्ट वासरू कापले जाते, ते हरवलेला मुलगा घरी आला म्हणून. थोरल्या भावाची तक्रार आठवा. आपल्या मित्रांबरोबर जेवावयास आपणाला एक करडूसुद्धा कधी मिळाले नाही, असे तो बापास म्हणतो. हे घर गरिबाचे नव्हते. तेथे चाकर होते, शेत होते. तरी मांस रोजचे नव्हते. वल्हांडणाचा कोकरा वर्षातून एकदा कापावयाचा. आणि कुटुंब लहान असल्यास शेजाऱ्यास सोबत घ्यावयाचे, अशी आज्ञा निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आहे. अनुवादाच्या आठव्या अध्यायात वचनदत्त देशाची संपत्ती सांगितली आहे, तीत गहू, जव, द्राक्षे, अंजिरे, डाळिंबे, जैतून व मध ही येतात.

रोज मांस खाणारे लोकही शास्त्रात आहेत. पहिल्या राजांच्या चौथ्या अध्यायाप्रमाणे शलमोनाच्या दरबारी दररोज तीस बैल व शंभर मेंढरे लागत. पण ही राजाची पंगत होय. आमोस संदेष्टा सहाव्या अध्यायात कळपांतील कोकरे खाऊन पलंगावर लोळणाऱ्यांस कडक शब्दांत दोष देतो. कोकरू खाणे हे पाप होय असे तो म्हणत नाही. आपल्या लोकांच्या नाशाचे त्यांना दुःख नाही, हा त्याचा आरोप आहे. ह्या भेदाकडे वर्गात लक्ष द्यावे.

२. दानीएलाच्या कथेचा बरोबर अर्थ

दानीएल व त्याचे तीन सोबती ह्यांनी राजाचे मिष्टान्न नाकारून दहा दिवस शाकान्न खाल्ले व ते इतरांहून धष्टपुष्ट दिसले, ही कथा रविवारच्या शाळेतील मुलांसही येते. हीवरून कित्येक उपदेशक असा सिद्धांत काढितात की, मांस वर्ज्य करावे ही देवाची आज्ञा आहे. पण दहावा अध्याय उघडून पाहावा. तेथे दानीएल तीन आठवडे शोक करितो, आणि त्या तीन आठवड्यांत आपण मांस व द्राक्षारस घेतला नाही असे सांगतो. त्या दिवसांपुरते सोडिले ह्याचा अर्थ इतर वेळी घेत असे. तेव्हा पहिल्या अध्यायातील प्रश्न मांसाचा नसून विटाळाचा व निष्ठेचा होता. साध्या अन्नावर मनुष्य बळकट राहू शकतो, एवढी गोष्ट मात्र त्या कथेत स्पष्ट आहे, आणि ती आजच्या आहारशास्त्रासही मान्य आहे. ती कशी, ते पुढील भागात पाहू.

३. भाकरी व डाळ ह्यांची जोडी

शरीराची वाढ व झीज भरून काढण्याचे काम प्रथिने करितात. प्रथिने अनेक प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी लायसीन नावाचे आम्ल ज्वारी, गहू व तांदूळ ह्यांत कमी असते, पण डाळींत पुष्कळ असते. मेथिओनीन नावाचे आम्ल डाळींत कमी असते, ते धान्यांत मिळते. म्हणून वरण-भात, पिठले-भाकरी, उसळ-पोळी ह्या जोड्या केवळ चवीच्या नव्हेत. एकीचे उणे दुसरी भरून काढिते.

हिशेब करून पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ मनुष्यास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिन पाहिजे. ५५ किलो वजनाच्या स्त्रीस हे सुमारे ४६ ग्रॅम होते. तिने दिवसभरात ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर सुमारे ३० ग्रॅम मिळाले; ६० ग्रॅम तुरीच्या डाळीतून सुमारे १३ ग्रॅम; २० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ५ ग्रॅम. बेरीज ४८ झाली, आणि अद्याप दूध, ताक वा अंडे धरिलेच नाही. म्हणजे मांसावाचून अंगात बळ येत नाही, हे बोलणे खरे नव्हे. परंतु त्याच हिशेबातून डाळ काढून टाका, शेंगदाणे काढून टाका, व नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा ठेवा. बेरीज ३० वर येते, आणि तीही लायसीन कमी असलेली. महागाईत प्रथम वरण पातळ होते आणि मग नाहीसे होते. अशा घरास मांसाच्या उपदेशापेक्षा परसात चवळी, वाल व शेवगा लावण्याचा उपदेश अधिक उपयोगी पडेल.

ह्या संबंधाने एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. कुन्नूर येथे १९१८ साली डॉ. रॉबर्ट मॅक्कॅरिसन ह्यांनी आहाराच्या संशोधनास आरंभ केला. त्याच कामातून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. त्यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांच्या वेगवेगळ्या गटांस देऊन पाहिले. शीख लोकांच्या आहारावरील उंदीर सर्वांत निरोगी निघाले. तो आहार कोणता? सबंध गव्हाच्या पोळ्या, लोणी, दूध, डाळी, ताज्या भाज्या, आणि आठवड्यातून एकदा मांस. उंदरांवरून माणसांविषयी सर्व काही ठरत नाही, हे खरे. तथापि न सडलेले सबंध धान्य, डाळ, दूध व भाजी हा पाया आणि त्यावर क्वचित मांस, ही रचना पुढील शंभर वर्षांच्या संशोधनाने मोडिली नाही.

४. थोडेसे मांस कशाच्या उपयोगी पडते

मग थोडे मांस, मासा वा अंडे घेण्यात लाभ काय? दोन लाभ मोठे आहेत.

पहिला लाभ ब-१२ जीवनसत्त्वाचा. हे भाजी, धान्य व डाळ ह्यांत मिळत नाही. दूध, अंडी, मासे व मांस ह्यांत मिळते, आणि यकृतात, म्हणजे काळजीत, विपुल असते. १९२६ साली मायनट व मर्फी ह्या अमेरिकन डॉक्टरांनी जीवघेण्या पांडुरोगाचे रोगी यकृत खावयास देऊन बरे केले. त्यातील गुणकारी द्रव्य १९४८ साली वेगळे काढण्यात आले, तेच हे ब-१२. प्रौढ मनुष्यास ते रोज केवळ दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागते, आणि शरीर त्याचा साठाही करिते. म्हणून रोज मांस खावे लागत नाही. पण वर्षानुवर्षे ते मिळालेच नाही तर रक्त कमी होते, हातापायांस मुंग्या येतात, चालताना तोल जातो, स्मरण मंद होते. मांस न खाणाऱ्यांनी दूध, दही व ताक सोडू नये. आणि अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरास दाखवून औषध घ्यावे.

दुसरा लाभ लोहाचा. पालेभाजीतील लोह शरीरात कमी शोषिले जाते, मांस-मासळीतील अधिक. शिवाय पालेभाजी व डाळ ह्यांच्यासोबत थोडी मासळी किंवा मांस असल्यास भाजीतील लोहही अधिक अंगी लागते. लिंबू, आवळा, पेरू ह्यांतील क जीवनसत्त्व हेच काम करिते. जेवणाबरोबर घेतलेला चहा उलट अडथळा करितो. तो तास-दीड तास मागे ठेवावा.

परंतु हिरव्या भाजीची बरोबरी मांस करू शकत नाही. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरणीकामगार वस्तीतील गरीब गरोदर स्त्रियांना जो भयंकर पांडुरोग होत असे, त्याचा त्यांनी तपास केला. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात असे त्यांना आढळले, व १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील द्रव्य म्हणजे फोलेट होय. पुढे १९४१ साली संशोधकांनी ते पालकाच्या पानांतून मिळविले व लॅटिन भाषेतील 'पान' ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. हिरवी पालेभाजी व डाळी हे त्याचे चांगले भांडार आहे. मटणाच्या दिवशीही भाजी चुलीवर चढलीच पाहिजे.

प्रमाण किती असावे? २०१९ साली ईट-लॅन्सेट आयोगाच्या शास्त्रज्ञांनी सर्व जगासाठी जो आहार सुचविला, त्यात आठवड्यास सुमारे १०० ग्रॅम लाल मांस, २०० ग्रॅम कोंबडी व २०० ग्रॅम मासळी धरिली आहे. बाकी बहुतेक धान्य, डाळी, भाज्या, फळे व दाणे. रोज मटण खाणे हे आरोग्याचे लक्षण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली खारवून, धुरावून वा अन्य रीतीने टिकविलेले मांस कर्करोगास कारण होते असे ठरविले, आणि लाल मांसाविषयीही बहुधा तसेच असावे असे म्हटले.

५. वाढणी कोणाची आधी

आता ह्या पाठाच्या सर्वांत गंभीर भागाकडे येऊ. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, आपल्या देशात १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी १०० मध्ये ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत हे प्रमाण १०० मध्ये ६७ आहे. ह्याची कारणे अनेक आहेत. जंत, ताप, लागोपाठची बाळंतपणे हीही त्यांत आहेत. तथापि एक कारण आपल्या चुलीपाशीच आहे.

घरात पावशेर मटण आले म्हणजे ते कोणाच्या ताटात जाते? प्रथम पाहुणा, मग घरधनी, मग मुलगे. मुलीस एखादा तुकडा. आणि जिने ते शिजविले ती शेवटी पातेले पुसून रश्श्याबरोबर भाकरी खाते. तीच गरोदर असते, तीच अंगावर पाजीत असते, आणि महिन्याच्या महिन्यास रक्त तिचेच जाते. ज्यास लोहाची गरज सर्वांत कमी, त्याचे ताट भरते. जिला ती सर्वांत अधिक, तिचे रिकामे राहते. करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी राही व दुसरा पोटभर खाई, म्हणून पौलाने त्यांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात दटाविले आहे. तो दोष आपण सार्वजनिक पंगतीत टाळितो आणि घरच्या पंगतीत चालवितो, हे योग्य नाही.

म्हणून नियम असा करावा की, मांस, मासा किंवा अंडे घरात थोडेच असेल तर पहिला वाटा गरोदर व पाजणाऱ्या बाईचा, दुसरा लहान लेकरांचा, तिसरा वयात आलेल्या मुलीचा. पुरुषांनी डाळ-भाकरीवर समाधान मानावे. त्यांचे बळ तिच्यावर टिकते, हे वर दाखविलेच आहे. आरोग्य उपकेंद्रात गरोदर स्त्रियांना लोहाच्या गोळ्या मिळतात, त्याही घ्याव्यात. मटण खाल्ले म्हणून गोळी सोडू नये.

ह्याच ठिकाणी लग्नाच्या जेवणाविषयी एक शब्द. बोकड कापले नाही तर सोयऱ्यांत नाक खाली होते, म्हणून सावकाराचे घर गाठणारे बाप आहेत. एका दिवसाच्या मटणासाठी काढलेले कर्ज फेडण्यात पुढील वर्षभराची डाळ व दूध घरातून जाते. नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायात प्रीतीच्या घरची भाजी द्वेषाच्या घरच्या पुष्ट बैलाहून उत्तम मानिली आहे. मंडळीतील वडील जनांनी एकत्र बसून लग्नात साध्या जेवणाचा ठराव करावा. एकट्या बापास ते धैर्य होत नाही, सर्वांचा ठराव असला म्हणजे होते.

६. काय घ्यावे, कसे शिजवावे

रोगाने मेलेल्या जनावराचे मांस कधीही खाऊ नये. काळपुळीसारखा रोग अशा जनावराला हात लावणाऱ्यासही होतो आणि प्राण घेतो. डॉ. आंबेडकर ह्यांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आपल्या बांधवांस मृत जनावराचे मांस सोडून देण्याचा कळकळीचा उपदेश केला. त्यात स्वाभिमान होता, आणि आरोग्यही होते. डुकराचे मांस आतपर्यंत पुरते शिजले पाहिजे; कच्चे राहिल्यास त्यातून पट्टकृमी पोटात जातो. कोंबडीही हाडापाशी तांबडी राहू देऊ नये.

स्वस्तात अंगी लागणारी वस्तू म्हणजे अंडे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिन असते. सुकट, जवळा व बोंबील ही मासळी वाळलेली असल्याने थोडक्यात पुष्कळ सत्त्व देते, आणि आठवड्याच्या बाजारात घाटावरही मिळते. खारी मासळी असल्यास दोन-तीन पाण्यांतून धुवावी; रक्तदाब असणाऱ्यांनी ती बेतानेच खावी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नावांनी मासेमारी करण्यास सरकारने बंदी केली आहे. माशांच्या विणीच्या काळात त्यांस वाढू द्यावे हा तिचा हेतू आहे. त्या दिवसांत कोकणातील घरांस उन्हाळ्यात वाळविलेली मासळीच उपयोगी पडते.

७. दुसऱ्याच्या विवेकाचा मान

शेवटी शेजाऱ्यांविषयी. गावच्या जत्रेत बोकड कापले जाते आणि जेवणाचे बोलावणे येते, तेव्हा काय करावे, हा प्रश्न आपल्या वाचकांपुढे दरवर्षी येतो. करिंथ येथे तो जसाच्या तसा होता. पौलाने दिलेले उत्तर तीन भागांचे आहे. बाजारात विकले जाणारे मांस शंका न काढिता घ्यावे. शेजाऱ्याच्या घरी वाढलेले शंका न काढिता खावे. पण हे देवाला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते सोडावे. वेदीच्या पूजेत भागी होऊ नये, हे तो वेगळे सांगतो. नाकारावयाचे झाल्यास नम्रतेने नाकारावे, आणि भाकरी व पाणी घेऊन शेजाऱ्याची पंगत राखावी.

रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात दोन्ही पक्षांस एकेक ताकीद आहे. खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोषी ठरवू नये. तिचे पालन कसे करावे ह्याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला; तरी त्यांनी निरामिष आहार सोडिला नाही. ह्याबद्दल त्यांच्या इंग्रज गुरुभगिनींनी त्यांस दोष दिला व पत्रांतून वादही झाला. बाई आपल्या मतावर स्थिर राहिल्या. पुढे १८८९ साली मुंबईस शारदासदन उघडिले, तेव्हा तेथील विधवांस आपापल्या रीतीप्रमाणे जेवण्याची मोकळीक त्यांनी ठेविली. मांस न खाल्ल्याने त्यांचा विश्वास उणा झाला असे आज कोणी म्हणेल काय?

म्हणून नव्याने मंडळीत आलेल्या मनुष्यापुढे परीक्षा म्हणून मटणाची वाटी ठेवू नये. माळकऱ्याच्या घरी उतरणाऱ्या उपदेशकाने त्याच्या चुलीचा मान ठेवावा. मुसलमान शेजाऱ्यास जेवावयास बोलाविले असता डुकराचे मांस घरात शिजवू नये. श्रावणात शेजारी मांस शिजवीत नसतील, तर आपल्या कालवणाचा वास मुद्दाम त्यांच्या दारी जाऊ देऊ नये. हे भय नव्हे. ज्याला खाण्याची मोकळीक आहे, त्यालाच प्रीतीने सोडण्याचीही मोकळीक आहे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

(१) योहानाच्या सहाव्या अध्यायातील मुलाची शिदोरी आणि आपल्या शेतावरची न्याहारी ह्यांत साम्य कोणते?
(२) दानीएलाचा पहिला व दहावा अध्याय एकत्र वाचल्याने कोणती चुकीची समजूत दूर होते?
(३) भाकरीबरोबर डाळ का पाहिजे? मांस न खाणाऱ्याने कोणत्या जीवनसत्त्वाची काळजी घ्यावी?
(४) गेल्या खेपेस आपल्या घरी मटण किंवा मासळी झाली, तेव्हा शेवटी कोण जेवले व तिच्या ताटात काय होते?
(५) लग्नाच्या जेवणाविषयी आपल्या मंडळीस कोणता ठराव करिता येईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुरुषांनी देऊ नये. ते स्त्रियांकडूनच घ्यावे, आणि शांतपणे ऐकावे.